विहिरीपासून चौतीस पावलं

माझ्या थोरल्या बहिणीला, अक्काला, मी एका रविवारी सकाळी भरलेली बादली हातात घेऊन परसात तीनदा चालायला लावलं आणि तिच्या पावलांची लांबी टेपनं मोजली. ती तेव्हा चाळिशीला टेकली होती. शेजारच्या मागीलदारी दोघी जणी कामं टाकून बघत उभ्या होत्या. अक्काला त्याचं काहीच वाटलं नाही, उलट ती खुशीत होती. वाटायला हवं होतं ते मला, आणि मला वाटायला फार उशीर झाला.

पन्नासचं दशक सरत आलं होतं. मी बंगळुरातल्या एका कारखान्यात ड्राफ्ट्समन होतो. दिवसभर दुसऱ्यांनी ठरवलेल्या यंत्रांचे नकाशे काढायचे आणि घरी आल्यावर स्वतःच्या मनातल्या रेल्वेचे, असा माझा संसार होता. खरा संसार बायको आणि अक्का सांभाळत. घर मल्लेश्वरात, वडिलांनी बांधलेलं, खाली तीन खोल्या आणि माडीवर एक. आमचे पूर्वज तीनशे वर्षांपूर्वी या मुलखात आले असं वडील सांगत. इतक्या वर्षांत आमची मराठी अशी झाली होती की पुण्याहून आलेल्या पाहुण्यांना ती कानडी वाटे आणि कानडी शेजाऱ्यांना मराठी.

रेल्वेचं वेड मला लहानपणापासूनच. कंटोन्मेंटात तशाच वेड्यांचं एक मंडळ होतं. दहा-बारा जण, बहुतेक अँग्लो-इंडियन, रेल्वेत नोकऱ्या केलेले. एक शनिवार सोडून दुसऱ्या शनिवारी दुपारी जमायचं, चहा प्यायचा आणि वीतभर इंजिनांवर तास तास वाद घालायचा. मंडळाचा म्होरक्या होता एक निवृत्त इंजिन ड्रायव्हर. त्याचा आवाज अजून इंजिनाच्या गोंगाटावर चढवलेलाच होता, आणि तो आम्हा सगळ्यांवर डाफरायचा. कारण सभासद विलायती मासिकं बघून इंग्लंडातल्या स्टेशनांच्या प्रतिकृती करत, जिथं त्यांच्यापैकी कोणीही पाऊल ठेवलेलं नव्हतं. त्याचं म्हणणं एकच, ज्या लाईनच्या धुरानं तुमचे डोळे चुरचुरले असतील ती लाईन करा. दर वर्षी मंडळाचं प्रदर्शन भरे. पुढच्या प्रदर्शनात आपण काहीतरी मांडायचंच, असं मी मनाशी पक्कं केलं.

माझे डोळे चुरचुरले होते ते यलहंक्याहून चिक्कबळ्ळापूर-कोलारकडे जाणाऱ्या अरुंद लाईनवर. अडीच फुटांवर रूळ, चढावर उतरून शेजारून चालता येईल अशी गाडी, डब्यांत बटाट्याची पोती आणि रेशमाच्या कोषांच्या टोपल्या. त्या लाईनवरच्या एका लहान स्टेशनात भावजी, म्हणजे अक्काचे यजमान, स्टेशनमास्तर होते. शाळेत असताना एका उन्हाळ्यात मी पंधरा दिवस त्यांच्याकडे राहिलो. सकाळी उठलो की फलाटावर, हाक आली की जेवायला घरात, हात धुतले की परत फलाटावर. सांधेवाल्यानं मला एकदा सांधा बदलायचा दांडा ओढू दिला होता. हाताला लागलेलं ते वंगण मी दोन दिवस धुतलं नव्हतं.

त्यानंतर दोन वर्षांनी भावजी विषमज्वरानं गेले, तिथल्याच क्वार्टरमध्ये. अक्का पंचविशीचीही नव्हती. पुढचा मास्तर यायचा होता, त्यामुळे पंधरवड्यात घर रिकामं करावं लागलं. ती दोन ट्रंका घेऊन आमच्याकडे आली आणि मागच्या खोलीत राहू लागली. मग घरात कुणी न सांगता एक नियम लागू झाला. तिच्यासमोर भावजींचा विषय काढायचा नाही, त्या स्टेशनचा नाही, आणि रेल्वेचाही शक्यतो नाही. आईवडिलांनी तो पाळला, ते गेल्यावर मी पाळला, लग्न होऊन आलेल्या बायकोलाही मी तो पहिल्या आठवड्यातच सांगून ठेवला. तिला त्रास होऊ नये म्हणून, असं आम्ही समजत होतो. तिला खरंच काय वाटतं हे मात्र कोणी विचारलं नाही, कारण विचारायचं तर विषय काढावा लागला असता. अशी सोळा वर्षं गेली.

मी सुट्टीच्या दिवशी टेप आणि वही घेऊन त्या स्टेशनात जाऊन आलो. माझं स्टेशन तिथं उरलंच नव्हतं. फलाट उंच केला होता, विहीर बुजवली होती, मालाची बाजूची लाईन उचलून नेली होती. जुनं क्वार्टर पाडून रस्त्यापलीकडे दोन नवी बांधली होती. नव्या मास्तरनं मला भला माणूस समजून कॉफी पाजली, पण जुनं काही त्याला ठाऊक नव्हतं. जुना नकाशाही कुणाकडे मिळेना. माझ्या स्वतःच्या आठवणीत नुसते रूळ होते, बाकी सगळं धूसर. ज्या माणसाला बाकीचं सगळं ठाऊक होतं ते माणूस आमच्याच स्वयंपाकघरात बसलेलं होतं.

विचारायचा धीर यायला मला पंधरा दिवस लागले. अखेर एका रविवारी ती विळीवर घेवडा चिरत होती, तेव्हा मी दारात उभा राहून अगदी कचेरीतल्यासारख्या कोरड्या आवाजात विचारलं, की तिथं विहिरीपासून फलाट साधारण किती फुटांवर असेल. तिचा हात थांबला. आता ही उठून मागच्या खोलीत जाणार, आणि बायको मला फाडून खाणार.

अक्का म्हणाली, "फूट मला काय ठाऊक, तम्मा. भरली बादली असली की फलाटाच्या टोकापर्यंत बावीस पावलं. आणि विहिरीपासून घर चौतीस."

तम्मा म्हणजे धाकटा भाऊ. आमच्या घरात ही कानडी हाक किती पिढ्यांची आहे कोण जाणे. त्या दिवशी ती हाक मला माफीसारखी वाटली आणि मी लगेच तिचा फायदा घेतला. फुटांऐवजी पावलं मिळाली होती, तर पावलाचे फूट काढणं हे माझं कामच होतं. मी बादली भरून आणली.

पहिल्यांदा ती फारच जपून चालली, शेजारणी बघत होत्या म्हणून. दुसऱ्यांदा मीच तिला मध्येच थांबवलं, टेप गुंतली होती. तिसऱ्या वेळी मी म्हटलं, तेव्हा चालायचीस तशी चाल. ती हसून म्हणाली, तेव्हा मी पंचविशीची होते रे. पण चालली खरी, थोडी झपाझप, बादलीतलं पाणी पायांवर सांडत. दहा पावलांची लांबी मोजून मी सरासरी काढली, एक फूट नऊ इंच. म्हणजे फलाट साडेअडतीस फूट, घर साठाला अर्धा फूट कमी. फुटाला पाव इंच हे माझं प्रमाण होतं, तेव्हा प्रतिकृतीत विहिरीपासून घर पंधरा इंचांवर येणार. मला इतका आनंद झाला की मी तो आकडा वहीत दोनदा अधोरेखित केला. अक्का पाय पुसत माझ्याकडे बघत होती. तिला वाटलं असावं की हा आनंद घर सापडल्याचा आहे.

त्या दिवसापासून ती बोलायला लागली. सोळा वर्षं तोंडातून एक अवाक्षर न काढलेली बाई मी दाढी करत असताना, जेवायला बसलो असताना, कामावर निघताना चपला घालत असताना त्या स्टेशनाबद्दल बोलू लागली. रुळांमध्ये पसरायच्या खडीसाठी मला नाचणी हवी होती. मापाला अगदी बरोबर बसते. त्यात किडे होतील म्हणून तिनं ती स्वतः खमंग भाजून दिली आणि भाजता भाजता सांगितलं की मास्तरांच्या दाराशी करंजाचं झाड होतं, त्याची फुलं गळली की फलाट पांढराजांभळा होई आणि झाडायला आलेला माणूस रोज तिच्याकडे तक्रार करी, जणू झाड तिनं लावलं होतं. कॉफीचा चोथा वाळवून ठेवी, तिथल्या मातीचा रंग तसाच होता म्हणे. ती हसे. तिला हसू येतं हे मी जवळजवळ विसरलो होतो.

सगळ्यांत जास्त ती बोले त्या खिडकीबद्दल. क्वार्टरच्या स्वयंपाकघराला फलाटाकडे उघडणारी एक खिडकी होती. गाडी सुटली की भावजी हिरवा बावटा गुंडाळून हात पाठीमागे घेत. बावटा दोनदा हलला तर कॉफी ठेव, येतोच. एकदाच हलला तर अजून कागद भरायचे आहेत, उशीर लागेल. फलाटावर माणसं असत, आणि चारचौघांत बायकोला हाक मारायची पद्धत नव्हती, म्हणून ही युक्ती. ती खिडकीशी उभी राहून बघे. चार वर्षं दिवसाउजेडी तिचं नवऱ्याशी बोलणं झालं ते असं, त्यांच्या पाठीशी.

हे सांगून झाल्यावर तिनं माझ्याकडे काही मागितलं. अक्कानं मागितलं असं त्या घरात क्वचितच झालं असेल.

"घर हुबेहूब नको मला," ती म्हणाली. "पण तेवढी खिडकी ठेव. आणि फलाटावर त्यांना पाठमोरं उभं कर."

"करतो," मी म्हटलं. नकाशावरून मान वर न करता म्हटलं, हेही मला आठवतं.

आता माझ्या आराखड्याचं सांगायला हवं, म्हणजे मी काय केलं ते कळेल. माझी जागा ठरलेली होती, आठ फूट लांब आणि दोन फूट रुंद, मध्ये दुमडणारी फळी, कारण ती माडीच्या जिन्यातून उतरवून टांग्यातून कंटोन्मेंटला न्यायची होती. खरं स्टेशन प्रमाणात काढलं तर एकटं स्टेशनच बारा फुटांवर जात होतं. तेव्हा ते आवळायचं. हा या छंदातला रोजचाच प्रकार. जे बघणाऱ्याच्या लक्षात येणार नाही ते गाळायचं, जे राहील ते थोडं थोडं जवळ सरकवायचं. शिवाय म्हाताऱ्या ड्रायव्हरनं आम्हाला पहिला धडा दिला होता तो हा, की गाडी कुठून तरी आली पाहिजे आणि कुठं तरी गेली पाहिजे, आणि ती जागा लोकांना दिसता कामा नये. म्हणून फळीच्या एका टोकाला तीन फूट काळा पडदा लावायचा. त्याच्या आत गाड्या लपवायच्या, आणि मागे स्टूल टाकून चालवणाऱ्यानं बसायचं. लाईनीच्या ज्या टोकाला हा पडदा येत होता त्याच टोकाला अक्काचं घर होतं.

घर बसतच नव्हतं असं मी पुढे कित्येक वर्षं लोकांना सांगितलं. इथं खरं लिहितो. घर बसत होतं. मी तसा आराखडा काढूनही पाहिला होता. पडदा दोन फुटांवर आणायचा, मालाची एकच लाईन ठेवायची, जशी खऱ्या स्टेशनात एकच होती, आणि घर विहिरीमागे आरामात उभं राहत होतं, खिडकी बरोबर फलाटासमोर. पण त्या आराखड्यात माझा तिहेरी सांधा जात होता. एका लाईनीतून एकाच ठिकाणी तीन लाईनी फुटतात असा तो सांधा मी दोन महिने खपून हातानं केला होता. कंटोन्मेंटाजवळच्या शिवाजीनगरच्या गुजरी बाजारातून, म्हणजे जुन्या सामानाच्या बाजारातून, पितळी पट्ट्या आणल्या, त्या कानशीनं घासल्या, रुळांसारख्या पाच सुतांच्या, म्हणजे अर्ध्या इंचाहून जरा जास्त, अंतरावर ठेवून डाख दिले. मंडळात तसा सांधा कुणालाच जमला नव्हता. खऱ्या स्टेशनात तो नव्हताही. पण परीक्षक वाकून बघणार ते त्याच्याकडे, हे मला पक्कं ठाऊक होतं. घराकडे कोण बघणार होतं? एक बाई. ती तर घरचीच. ती समजून घेईल, असं मी मनाला सांगितलं. घरच्या माणसांवर अन्याय करताना आपण नेहमी हेच म्हणतो. घराचा आराखडा मी फाडला आणि सांधा फळीवर ठोकला.

फळीचं काम माडीवर चाले. अक्का तिथं येत नसे. पुरं झाल्यावर एकदम बघते, असं तिनंच ठरवलं होतं, आणि ते माझ्या पथ्यावर पडलं. ती खालून विचारी, घर झालं का. सुरुवातीला मी म्हणे, होतंय. मग म्हणू लागलो, भिंती झाल्या. एकदा म्हटलं, चुना वाळतोय. त्यावर ती म्हणाली, एवढुशा भिंतींना किती दिवस वाळतो तुझा चुना, आणि आम्ही दोघंही हसलो. मी हसलो. त्या हसण्याची मला आज सगळ्यांत जास्त लाज वाटते.

भावजींना मात्र मी मन लावून घडवलं. दीड इंचाहून लहान लाकडी आकृती, पांढरा कोट, काळी टोपी, पाठीमागे हात आणि हातात गुंडाळलेला हिरवा बावटा. अक्कानं सांगितलं होतं तिथंच त्यांना उभं केलं, तोंड रुळांकडे, पाठ घराकडे. आकृती इतकी साधली की मला आपण शब्द पाळल्यासारखंच वाटू लागलं.

बायको माडीवर झाडायला येई, तिला सगळं कळलेलं होतं. प्रदर्शनाच्या आठवडाभर आधी तिनं केरसुणी खाली ठेवली आणि विचारलं, की घर कुठं आहे. मी जागेची अडचण समजावून सांगू लागलो. तिनं मला पुरं बोलूही दिलं नाही.

"अक्कांना आजच सांगा," ती म्हणाली. "तिथं चार माणसांत कळू देऊ नका."

सांगतो म्हटलं. त्या रात्री म्हटलं उद्या सांगू, दुसऱ्या दिवशी म्हटलं रविवारी सांगू. रविवारी अक्कानं स्वतःच सांगितलं की शेजारच्या त्या दोघीही प्रदर्शनाला येणार आहेत, बादलीची गंमत त्यांनी पाहिली होती ना, आता घर बघायचं म्हणतात. मी मूग गिळून बसलो.

प्रदर्शन कंटोन्मेंटातल्या एका सभागृहात तीन दिवस होतं. पहिल्या दिवशी माझ्या टेबलाभोवती गर्दी होती. तिहेरी सांध्यावर माणसं वाकवाकून बघत होती, माझी छाती फुगली होती. म्हातारा ड्रायव्हर येऊन बराच वेळ उभा राहिला आणि जाताना म्हणाला, की मला इथं धुराचा वास येतोय. त्याच्या तोंडून यापेक्षा मोठी शाबासकी कोणी ऐकली नव्हती.

दुसऱ्या दिवशी दुपारी अक्का आली, बायको आणि त्या दोघी शेजारणींबरोबर. शिवाजीनगरपर्यंत बस, पुढे पायी. तिनं राखी रंगाचं ठेवणीतलं लुगडं नेसलं होतं, जे ती देवळातल्या उत्सवालाच काढी. मी काळ्या पडद्यामागे स्टुलावर बसलो होतो, गाडी चालवायच्या कळीवर हात ठेवून. पडद्यावरून मला तिचा चेहरा समोरासमोर दिसत होता. तिला बाहेरून माझं डोकं दिसत असावं.

आधी तिनं विहीर ओळखली. करंज ओळखला. फलाटाच्या टोकापाशी बोट नेलं, लावलं नाही, आणि शेजारणींना कानडीत सांगू लागली, की ही विहीर, इथून पाणी न्यायचं, हा मालधक्का, इथं बटाट्याची पोती पडायची, हे आमचे हे. 'आमचे हे' म्हणताना तिचा आवाज जरा चढला. ते गाव कधी न पाहिलेल्या माणसांसमोर ती आपल्या नवऱ्याकडे बोट दाखवत होती. आजूबाजूची दोन-तीन माणसंही ऐकायला थांबली. बायको तिच्या मागे उभी होती आणि माझ्याकडे बघत होती.

मग धाकट्या शेजारणीनं विचारलं, "आणि अक्का, तुमचं घर?"

अक्काची नजर विहिरीपासून निघाली. ती पावलं मोजत होती हे मला तिच्या ओठांवरून कळलं. अर्ध्या वाटेवर फळीचा हिरवा रंग संपला आणि काळा पडदा लागला. तिनं पडद्याकडे पाहिलं, मग पडद्याच्या वर माझ्याकडे. भावजी पाठ करून उभे होते, हात मागे, बावटा हातात, आणि त्यांच्या पाठीशी मी बसलो होतो. तिचं स्वयंपाकघर जिथं असायला हवं होतं, नेमकं तिथं माझं स्टूल होतं.

मी काहीतरी बोलायला हवं होतं. उठून बाहेर यायला हवं होतं. मी काय केलं, तर कळ फिरवली आणि गाडी सोडली. सगळ्यांचं लक्ष गाडीकडे जावं म्हणून. गाडी पडद्यातून निघाली, तिहेरी सांध्यावरून खडखडली, फलाटाला लागली. माणसं खूश झाली.

अक्का शेजारणीला म्हणाली, "घर मागं आहे. इथनं दिसत नाही."

आयुष्यात तिला मी खोटं बोलताना ऐकलं ते तेवढंच, आणि ते माझी अब्रू राखायला. शेजारणींनी माना डोलावल्या. त्या पुढच्या टेबलाकडे गेल्या, तिथं डोंगरातून जाणारी विलायती गाडी होती. अक्काही गेली. बायको गेली नाही. ती माझ्याकडे बघत थोडा वेळ तशीच उभी राहिली, आणि मग तीही गेली.

संध्याकाळी घरी आलो तर अक्का नेहमीसारखी वाढत होती. मी ताटावर बसून शब्द जुळवत होतो. तीच म्हणाली, गाडी छान धावते. मी म्हटलं, अक्का, ते घराचं. ती म्हणाली, "सरी, सरी. जेव आधी." सरी म्हणजे ठीक आहे, आमच्याकडे दिवसातून पन्नास वेळा म्हणतात. त्यात राग नव्हता. राग असता तर मला पाय धरता आले असते.

तिसऱ्या दिवशी परीक्षकांनी मला पहिलं प्रशस्तिपत्रक दिलं. खऱ्या जागेशी प्रामाणिक राहिल्याबद्दल, असं त्यावर सुवाच्य इंग्रजीत लिहिलेलं होतं. मी ते घरी कुणाला दाखवलं नाही.

मग मला जाग आली, आणि माझ्या स्वभावाप्रमाणे ती जाग नकाशाच्या रूपानंच आली. मी ठरवलं की फळीला दोन फुटांचा तिसरा तुकडा जोडायचा, पडदा पलीकडे सरकवायचा आणि घर बांधायचं. खिडकीसकट, अगदी हुबेहूब, ती नको म्हणाली होती तरी. सुतार ठरवला, लाकूड आणलं. पुढच्या वर्षीच्या प्रदर्शनात आधी तिलाच नेऊन उभं करायचं, हेही ठरवून टाकलं. कोऱ्या कागदावर चार भिंती काढल्या, आणि तिथं मी अडलो. पंधरा दिवस ज्या घरात मी जेवलो होतो त्याचं दार कोणत्या बाजूला होतं हे मला सांगता येईना. वही उघडली. अक्का तीन-चार महिने रोज बोलत होती. वहीत मी टिपलं होतं ते फलाटाची उंची, विहिरीचा घेर, सिग्नलच्या खांबाचा रंग, रुळांच्या मधलं अंतर. घराबद्दल पंधरा इंच एवढा एकच आकडा होता, दोनदा अधोरेखित केलेला.

प्रदर्शनानंतर दोन-अडीच आठवडे झाले असतील. अक्का मागच्या पडवीत तूरडाळ निवडत बसली होती. मी कागद आणि पेन्सिल घेऊन तिच्यासमोर पाटावर बसलो. म्हटलं, अक्का, मी घर करतोय, या वेळी खरंच करतोय. ती खिडकी दाराच्या डाव्या अंगाला होती की उजव्या?

तिनं सूप हलवलं, एक खडा काढून बाजूला टाकला.

"आठवत नाही, तम्मा."

मी म्हटलं, जमिनीपासून उंच किती होती, तुझ्या खांद्याएवढी? गज उभे होते की आडवे? तिनं मान हलवली. मी म्हटलं, अंदाजानं सांग, मी जुळवून घेईन. पायऱ्या किती होत्या एवढं तरी?

"स्वल्पसुद्धा आठवत नाही," ती म्हणाली. "सोळा वर्षं झाली की रे. कोण ध्यानात ठेवतं?"

भरल्या बादलीची पावलं किती आणि रिकाम्या बादलीची किती, हे जिला पाठ होतं, ती हे म्हणत होती. तिच्या आवाजात टोचून बोलणं नव्हतं. माझ्याकडे बघून तिनं विचारलं, की उद्या डबा लौकर हवा का, आणि पुन्हा डाळीकडे वळली. मी पेन्सिल धरून बसून राहिलो. तिला सगळं आठवत होतं. गज किती, पायऱ्या किती, कोणत्या पायरीचा दगड हलत होता ते सगळं. ते तिनं एकदा माझ्या हवाली केलं होतं आणि मी त्यातलं मला हवं तेवढं घेऊन बाकीचं टाकून दिलं होतं. आता ती मला काही देणार नव्हती. मागायला तोंड राहिलं नव्हतं, तरी मी मागून पाहिलं, हाही माझाच निर्लज्जपणा.

तिसरा तुकडा झाला नाही. अक्का त्यानंतर वीसएक वर्षं आमच्यात होती, माझ्या मुलांना तिनं वाढवलं, माझ्या दुखण्यात रात्रीचा दिवस केला. भावजींबद्दल ती माझ्याशी पुन्हा एक शब्दही बोलली नाही, आणि मला विचारायची हिंमत झाली नाही.